व्हॅनिलाच्या डब्यातली माती

मी आमच्या खोलीचा पाया मायक्रोवेव्हमध्ये घातला, तो दिवस होळीचा होता.

हे वाक्य आधीच लिहून टाकतो. कौमुदी हा किस्सा सांगायला लागली की सुरुवात आमच्या लग्नापासून करते, आणि मायक्रोवेव्हपर्यंत येईतो ऐकणाऱ्यांचं माझ्याबद्दलचं मत पक्कं झालेलं असतं.

आता बाजू मांडतो. आयर्लंडमधल्या मराठी घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीही नसतं. खवलेला नारळ असतो, निवडलेली मेथी असते, वाटण असतं, कुणाची तरी आई परत जाताना करून ठेवलेले सांज्याचे उंडे असतात. डब्यावर व्हॅनिला लिहिलंय म्हणून कुणी चमचा घेऊन धावत नाही. आमच्याकडे एकदा खरोखरच व्हॅनिला निघालं, तर कौमुदीनं ते उकडलेलं रताळं समजून आठवडाभर हात लावला नव्हता. त्यामुळे आमच्या शेजारच्या अलकाताईंनी फोनवर सांगितलं, "पुरण माझ्या फ्रीझरमध्ये आहे, व्हॅनिलाच्या डब्यात, वरच्या कप्प्यात, किल्ली तुझ्याकडे आहेच, ने," तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

वावगं इतकंच झालं की वरचा कप्पा बर्फानं चिकटला होता आणि खालचा सहज उघडला. खालच्यातही व्हॅनिलाचा डबा. उचलला तर चांगला जड. जड म्हणजे जास्त पुरण, असा सरळ हिशोब मी केला. झाकण उघडून पाहिलं, तपकिरी, घट्ट, वर थोडं चमकणारं. गूळ जरा सढळ पडलाय, म्हटलं, नागपूरकडचा हात आहे.

घरी येऊन डिफ्रॉस्टवर लावलं. कौमुदीनं कणीक मळून ठेवली होती. मायक्रोवेव्ह वाजल्यावर तिनं झाकण काढलं, बोट लावलं, वास घेतला.

"निमिष, याला वेलदोड्याचा वास नाही."

"मग कसला आहे?"

"पन्हाळीचा."

मी अलकाताईंना फोन लावला. त्या कामासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, ट्रलीला गेल्या होत्या. मागे वारा आणि कुठलं तरी मशीन यांचा संयुक्त आवाज येत होता.

"ताई, पुरण जरा वेगळंच लागतंय."

"लागतंय म्हणजे? खाल्लं?"

"नाही नाही. दिसतंय."

"कोणता डबा घेतला?"

"खालचा."

 मग त्या म्हणाल्या, "त्यात पुरण नाही. त्यात तुझा खड्डा आहे."

---

अलकाताई, पूर्ण नाव अलकनंदा, डब्लिनच्या सिटीवेस्टला आमच्या शेजारच्या घरात राहतात आणि चिखलावर जगतात. हे मी म्हणत नाही, त्याच म्हणतात. त्या भूतंत्राच्या इंजिनिअर. म्हणजे इमारत, रस्ता, पूल यांतलं जे काही वर दिसतं त्याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. जे खाली असतं आणि दिसत नाही ते त्यांचं. आमच्या गल्लीतली बाकीची मराठी मंडळी ढगावर कामं करतात, क्लाउडवर. एकटी ही बाई जमिनीवर.

नागपूरहून त्या इथल्या विद्यापीठात पुढचं शिकायला आल्या आणि राहिल्या. उंची बेताची, आवाज बेताचा नाही. दारात लोखंडी टाचेचे बूट, कोटाच्या खिशात कायम एक तपकिरी ढेकूळ. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकदा त्या थेट साइटवरून आल्या. गाडीत कोटावरच काळी साडी गुंडाळलेली आणि खाली ते बूट. बायका बघत राहिल्या. अलकाताईंनी वाण घेतलं, तीळगूळ खाल्ला, आणि यजमानीणबाईंना म्हणाल्या, "तुमच्या पायरीखाली पाणी जातंय. डाव्या बाजूनं."

गृहप्रवेशाला त्यांना बोलावायचं म्हणजे धाडसच. लोक पडदे बघतात, किचनचे प्रेस उघडून बघतात, म्हणजे कपाटं, इथे राहून आम्हीही प्रेसच म्हणायला लागलोय. अलकाताई मागचं दार उघडून बागेत जातात आणि छत्रीचं टोक जमिनीत खुपसतात. किती खुपलं ते पाहतात. मग आत येऊन काहीच बोलत नाहीत, आणि घरमालकाला त्या रात्री झोप लागत नाही.

एकदा मराठी मंडळाच्या जेवणात कुणीतरी त्यांना विचारलंच, मातीकडे कशा काय वळलात. त्या म्हणाल्या, "आमचं नागपूरचं घर काळ्या मातीवर. पावसाळ्यात माती फुगायची, दारं अडायची. उन्हाळ्यात आकसायची, भिंतींना भेगा. बाबा दर वर्षी सुताराला बोलवायचे, दार तासून घ्यायचे. मी म्हटलं, दाराचा काय दोष? त्याला कायले तासता?" इतकंच. विचारणाऱ्यानं पुढे लग्नाचंही विचारलं. ताई म्हणाल्या, "भात वाढा."

चिडल्या की त्यांच्या बोलण्यात नागपूर वर येतं. एरवी त्यांची मराठी आमच्यासारखीच, इंग्रजीनं भरलेली, मध्येच एखादं 'ग्रँड', म्हणजे इथलं 'छान'.

---

तर माझा खड्डा.

आई गेल्यावर बाबा सांगलीला एकटेच असतात. मोरेश्वर हे त्यांचं नाव, आणि ते स्वतःचा उल्लेख मनातल्या मनातही मोरेश्वरराव असाच करत असावेत अशी मला शंका आहे. एकदा ते इथे येऊन गेले होते. आमच्या घरात तिसरी खोली म्हणून जी आहे तिच्यात बॉयलर, इस्त्रीचं टेबल आणि माणूस यांपैकी कुठल्याही दोनच गोष्टी मावतात. बाबा हॉलमधल्या सोफ्यावर झोपले. सकाळी कौमुदी ऑफिसच्या कॉलवर बसायची, म्हणून ते सहालाच उठून अंथरूण घडी करून, अंघोळ करून, कोट घालून बसायचे. लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, स्टॉपवर बसावं तसे. तक्रार एका शब्दानं केली नाही, आणि परत गेल्यावर पुन्हा यायचं नाव काढलं नाही.

शेवटी फार मागे लागलो तेव्हा फोनवर म्हणाले, "येतो. पण मला माझं दार पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे दार. मी लावलं तर लागलेलं, मी उघडलं तर उघडं. तुमच्या घरात मी किती दिवस पाहुण्यासारखा बसू?"

म्हणून मागच्या बागेत एक छोटी खोली बांधायची ठरली. स्वतंत्र दार, स्वतंत्र बाथरूम, खिडकीतून आमचं किचन दिसेल अशी. मे महिन्याचं तिकीट काढलं. बाबांनी तिकिटाबरोबर अटही पक्की केली: खोली झाली तर ते येणार; नाही झाली तर तिकीट रद्द, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. बाबांचं 'पुन्हा विषय काढायचा नाही' हे कसं असतं ते ज्यानं त्यांच्याकडे एकदा मोटरसायकल मागितली आहे त्यालाच माहीत.

बांधकामाला डेक्लन नावाचा माणूस मिळाला. लालसर चेहरा, पांढऱ्या भुवया, आणि कुठल्याही प्रश्नाला 'ग्रँड' हे उत्तर. खड्डा किती खोल? ग्रँड. थंडी आहे, चालेल ना? ग्रँड. मंगळवारी त्यानं पायाचे चर खणले, शनिवारी काँक्रीटची गाडी बोलावली. सोमवारपासून त्याला स्वोर्ड्सला दुसऱ्या घराच्या कामाला जायचं होतं. तिथून सुटून इकडे परत यायला एप्रिल उजाडणार होता. म्हणजे शनिवारी काँक्रीट पडलं तर मेमध्ये खोली, नाही तर नाही.

मंगळवारी रात्रीपासून गारठा पडला. हवामानखात्यानं पिवळा इशारा दिला. सकाळी बागेतलं गवत पांढरं, गाड्यांच्या काचा पांढऱ्या, दुपारी ऊन, सगळं ओलं, रात्री पुन्हा पांढरं. अलकाताईंनी बुधवारी ट्रलीला जायच्या आधी आमच्या चरात उतरून एक डबाभर माती काढून नेली. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, "दाखवीन." ती माती त्यांच्या फ्रीझरमध्ये गोठत होती, आणि आल्यावर वितळवून, पुन्हा गोठवून, पुन्हा वितळवून त्या मला काहीतरी दाखवणार होत्या. ते सगळं माझ्या घरच्या मायक्रोवेव्हनं एका फटक्यात उरकलं.

"आता काय दिसतंय डब्यात?" त्यांनी ट्रलीहून विचारलं.

मी पाहिलं. "शिरा. वर पाणी सुटलेला."

"मी काढली तेव्हा तिच्यात अंगठा रुतत नव्हता. आता?"

मी अंगठा लावला. तो आत गेला आणि आवाज करत बाहेर आला.

"झालं तर मग," त्या म्हणाल्या. "एक चक्कर तू करून टाकलीस. बाकीच्या तुझ्या बागेत रोज रात्री होऊन राहिल्यात. मी शुक्रवारी येते. आणि वरचा कप्पा गरम पाण्याच्या फडक्यानं सुटतो."

पुरणपोळ्या झाल्या. चांगल्या झाल्या. पण दर घासाला मला अंगठा आठवत होता.

---

शनिवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी बागेत गेलो. चरात उतरलो, टाच आपटली. दगड. पुन्हा आपटली. अगदी हायवे. मला इतका आनंद झाला की मी तिथेच दोन उड्या मारल्या.

डेक्लन चहाचा मग घेऊन आला. तोही खाली वाकला, फावडं आपटलं, ठण्ण. "रॉक," तो म्हणाला, "ग्रँड."

मागच्या फाटकातून अलकाताई आल्या. बूट, कोट, डोक्याला कानटोपी, हातात छत्री. पाऊस नव्हता, छत्री कशासाठी ते मला कळलं. त्यांनी चरात टोक आपटलं. ठण्ण.

"पाहिलंत ना?" मी म्हणालो. "एकदम पक्कं."

"हो. लोणीसुद्धा फ्रीजमध्ये पक्कंच असतं."

मग त्यांनी डेक्लनची टिकाव मागितली. त्यानं द्यावी की न द्यावी असा थोडा विचार केला, पण ताईंचा हात पुढेच होता. त्यांनी तळाशी तिरका घाव घातला आणि नारळाएवढं ढेकूळ उकलून वर आणलं. मोडलेली बाजू आमच्यासमोर धरली.

मी आयुष्यात माती जवळून पाहिली नव्हती. तपकिरी मातीत आडव्या रेघा होत्या, एकावर एक, केसासारख्या, आणि उन्हात चमकत होत्या. बर्फाच्या.

"चिरोट्यासारखं दिसतंय," मी म्हणालो.

"चिरोटाच आहे. नीट ऐक. चिकणमातीत पाणी असतंच, बारीक बारीक जागेत अडकलेलं. गारठा वरून उतरतो. वरचं पाणी गोठतं, आणि गोठताना खालचं पाणी स्वतःकडे ओढून घेतं. वातीनं तेल ओढावं तसं. त्याचा हा पापुद्रा होतो. मग त्याच्या खाली दुसरा. प्रत्येक पापुद्रा जमीन थोडी वर उचलतो. म्हणजे आज तुझा खड्डा उचललेला आहे, आणि आत बाहेरून आणलेलं पाणी भरलेलं आहे. त्यावर तू काँक्रीट ओतणार. काँक्रीटची ऊब खाली जाणार. पापुद्रे वितळणार. मग?"

मी अंगठ्याकडे पाहिलं.

"शिरा," मी म्हणालो.

हेच सगळं त्यांनी डेक्लनला इंग्रजीत सांगितलं. ताईंच्या इंग्रजीत नागपूर आणि आयर्लंड शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांची चौकशी करत नाहीत. डेक्लननं चष्मा लावला, रेघा पाहिल्या, चष्मा काढला. "पण मॅडम," तो म्हणाला, "हे काय कॅनडा आहे का? इथली थंडी ती काय."

"तिकडे हिवाळ्यात एकदा गोठतं, वसंतात एकदा वितळतं," ताई म्हणाल्या. "इथे रोज रात्री गोठतं, रोज दुपारी वितळतं. वरची माती रोज कामावर जाऊन आल्यासारखी दमते. तिचं अंग सुटतं. आणि तुझा चर उथळ आहे."

"छोटी तर खोली आहे."

"गारठ्याला ते सांगून ठेवलंय का तू?"

मग त्या ढेकूळ घेऊन सरळ आमच्या किचनमध्ये गेल्या, कौमुदीकडून स्टीलचं पातेलं मागून घेतलं, ढेकूळ त्यात ठेवलं आणि पातेलं रेडिएटरवर. आम्ही तिघं खुर्च्या ओढून पातेल्यासमोर बसलो. कौमुदीनं चहा टाकला. डेक्लननं बिस्किटाच्या पुड्यात हात घातला. काँक्रीटची गाडी अजून निघायची होती. थांबवायची तर आत्ताच फोन करावा लागणार होता.

"ताई," मी हळूच म्हणालो, "आज नाही पडलं तर हा एप्रिलशिवाय येत नाही. बाबांचं तिकीट मेचं आहे. तुम्हाला बाबा माहीत नाहीत. ते खरंच रद्द करतील."

"तिकीट मी पाहिलं नाही. माती पाहिली."

"पण थोडी जोखीम घेतली तर?"

"त्यांना काय पाहिजे म्हणालास?"

"स्वतःचं दार."

"पाया हलला की पहिलं काय बिघडतं माहीत आहे? भिंत नाही. छप्पर नाही. दार. चौकट तिरकी होते आणि दार अडतं. मग तुझे बाबा आतून ढकलणार आणि तू बाहेरून ओढणार. तसलं दार पाहिजे का त्यांना?"

पातेल्यातलं ढेकूळ एका बाजूनं बसायला लागलं होतं. कडा आधी सुटल्या, मग मधला भाग खचला, आणि तळाशी गढूळ पाणी साचलं. शेवटी कुणीही हात न लावता ते एका अंगावर कलंडलं, दमलेल्या माणसासारखं.  डेक्लननं हातातलं बिस्किट पाहिलं, ते चहात बुडवायचा बेत रद्द केला, आणि खिशातून फोन काढला. गाडी थांबवली.

गाडी थांबली पण माझा जीव थांबला नव्हता. फोन ठेवून डेक्लन म्हणाला, "मॅडमचं बरोबर आहे. आता ही माती काढायची, खाली जायचं. पण सोमवारी मी स्वोर्ड्सला. सॉरी, निमिष."

मी कौमुदीकडे पाहिलं, कौमुदीनं माझ्याकडे. सांगलीला फोन कुणी करायचा हे आम्ही डोळ्यांनीच ठरवत होतो, आणि मी हरत होतो.

अलकाताई चहात साखर ढवळत होत्या. "स्वोर्ड्सचे चर खणून झालेत?" त्यांनी विचारलं.

"झाले की. गुरुवारीच."

"चिकणमातीच आहे ना तिथे?"

"हो."

"झाकलेत?"

डेक्लननं आणखी एक बिस्किट तोंडात टाकलं.

"तिथे गारठा पडला नसेल," ताई म्हणाल्या. "विमानतळ जवळ आहे. ऊब असेल."

डेक्लनच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या, तिथेच राहिल्या, आणि मग तो हसायला लागला. इतका हसला की त्याला बिस्किटाचा ठसका लागला. सोमवारी तिथेही तो काँक्रीट ओतू शकत नव्हता. त्याला तिथेही माती काढावी लागणार होती, आणि ते त्याला आमच्या रेडिएटरसमोर बसून कळलं होतं. "शी'ज सम वुमन," तो मला म्हणाला, म्हणजे मानलं या बाईला. मग ताईंकडे वळून, एकदम शाळेतल्या मुलासारखा, "तुम्ही येऊन पाहाल का तिथलं?"

"येईन. आधी इथलं."

---

दुपारपर्यंत डेक्लननं चर खाली नेले. वरची दमलेली माती काढून टाकली, आणि गारठा जिथवर उतरू शकतो असं इथे धरतात त्याच्याही खाली गेला. खालची माती निराळीच निघाली. गर्द, घट्ट, कधी थंडी न पाहिलेली. ताईंनी तिच्यात अंगठा रुतवायचा प्रयत्न केला, रुतला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी हसू म्हणेन, पण पैज लावणार नाही.

स्वोर्ड्सची सोमवारची काँक्रीटची गाडी आता आमच्याकडे येणार होती, म्हणून प्रश्न मधल्या रात्रींचा होता. उघडं ठेवलं की आज पुन्हा पापुद्रे. डेक्लनकडे प्लॅस्टिकचे ताव होते. ताई म्हणाल्या, "प्लॅस्टिकनं ओल अडते, गारठा अडत नाही. अंगावर काहीतरी घालायला पाहिजे."

'अंगावर' हा शब्द कौमुदीच्या बरोबर कानात पडला. ती वर गेली आणि प्रेसमधली सगळी पांघरुणं घेऊन खाली आली. पाहुण्यांची दुलई, सोफ्यावरची रजई, विमानातून चुकून आमच्या बॅगेत आलेली पातळ चादर. चर लांब होता. पुरेनात. मी फोनवर मंडळाच्या ग्रुपला लिहिलं: 'जुनी ब्लँकेट्स हवीत, खड्ड्याला थंडी वाजतेय.' अर्ध्या तासात दारात ढीग झाला. कुणी काही विचारलं नाही. अलकाताईंचं नाव शेवटी लिहिलं होतं, तेवढं पुरलं.

तरी एक कोपरा उघडा राहिला. कौमुदी पुन्हा वर गेली आणि आईची गोधडी घेऊन आली. आईच्या जुन्या नेसूच्या साड्यांची, सांगलीहून आमच्याबरोबर आलेली. मी काही बोलणार, तर तिनं ती ताईंच्या हातात दिली.

ताईंनी गोधडी उलटीपालटी केली, टाका पाहिला. "चार पदरी आहे," त्या म्हणाल्या. "याच्यात हवा धरून राहते. ही सगळ्यात चांगली." मग खाली प्लॅस्टिक, वर गोधडी, त्यावर पुन्हा प्लॅस्टिक, कडेनं विटा, अशी त्यांनी स्वतः उतरून, बूट काढून, मोज्यांवर उभं राहून ती अंथरली. आमच्या पलंगाच्या चादरीला कधी इतक्या सारख्या घड्या पडल्या नाहीत.

नेमका तेव्हा बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मी कॅमेरा फिरवला.

"ती हिची गोधडी नव्हे?"

"हो बाबा."

"त्या खड्ड्यात काय निजवलंय?"

"तुमची खोली."

बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "पायाकडची बाजू नीट खोचायला सांग. तिथून वारा शिरतो."

पलीकडून ताई मान वर न करता म्हणाल्या, "खोचली आहे."

सोमवारी सकाळी पांघरुणं काढली तेव्हा बाग पांढरी होती आणि चर तपकिरी. ताईंनी अंगठा दाबला, माझाही धरून दाबला. मग त्या डेक्लनला म्हणाल्या, "ओत." दुपारी त्या त्याच्या गाडीत बसून स्वोर्ड्सला गेल्या. आमच्या बागेत करड्या रंगाचं काँक्रीट पसरलं होतं, आणि कुंपणावर आयर्लंडमधल्या निम्म्या मराठी घरांची अंथरुणं वाळत होती.

---

मेमध्ये बाबा आले. सामान आत ठेवलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर दार लावलं. आम्ही बाहेर. मग उघडलं. पुन्हा लावलं. आतून आवाज येत होता, खिटी, बिजागरी, पुन्हा खिटी. पाचेक मिनिटांनी दार उघडून म्हणाले, "या. चहा घेणार?" माझ्याच बागेत मी पहिल्यांदा पाहुणा म्हणून गेलो, आणि खरं सांगतो, छान वाटलं. पुढचे तीन महिने त्यांनी कोट घातला तो फक्त बाहेर जाताना.

ताई पुरणपोळी घेऊन त्यांना भेटायला आल्या, व्हॅनिलाच्या डब्यातून. माझ्यासमोर आल्यावर आधी झाकण उघडलं आणि डबा माझ्या नाकाखाली धरला. मी वास घेतल्यावरच पुढे गेल्या. बाबांनी त्यांना विचारलं, खोली किती वर्षं टिकेल. ताई म्हणाल्या, "गारठ्याचे दिवस आले की दार पाहत जा. ते चालतंय तोवर बाकीचं चालतंय." हे वाक्य बाबांनी सांगलीला परत नेलं.

त्यामुळे आता जानेवारी आला की बाबा सकाळी उठून पहिल्यांदा डब्लिनचं तापमान बघतात. शून्याखाली गेलं की इथे उजाडेपर्यंत थांबून मला फोन. "माझं दार उघडून दाखव." मी स्लिपर घालून, पांढऱ्या गवतातून कुरकुर आवाज करत जातो, दार उघडतो, लावतो. तिकडून बाबा कान देऊन ऐकतात. "ठीक," म्हणतात, आणि मगच दुपारचं जेवायला बसतात. मी खरं तर या कामाला कंटाळत नाही, पण तसं त्यांना सांगत नाही.

गेल्या आठवड्यात कडक गारठा पडला. संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी मंडळानं कुणाकडून तरी आणलेले महागडे स्पीकर आदल्या संध्याकाळी मीच त्या खोलीत नेऊन, अगदी जपून, ठेवले होते. सकाळी बाबांचा फोन आला. मी गेलो, मूठ धरली, ढकललं. दार हललं नाही. खांदा लावला. तरी नाही.

"काय झालं?" बाबांचा आवाज बारीक झाला होता.

"काही नाही बाबा, एक मिनिट." मी त्यांना होल्डवर टाकलं आणि ताईंना फोन लावला.  चौकट मला स्पष्ट तिरकी दिसत होती. भिंत फुगल्यासारखी दिसत होती. शेजारची कुंडीसुद्धा कलल्यासारखी दिसत होती.

"ताई, पाया उचलला. गारठ्यानं. बाबांचं दार अडलंय, जागचं हलत नाहीये. पापुद्रे झाले असणार खाली. आता काय करू?"

पलीकडे त्या बहुतेक चहा पीत होत्या. एक घोट ऐकू आला.

"आधी कुलूप काढ."